माशीने खाल्लं किती? जड धातू आणि वनस्पतीतल्या संयुगांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी माझ्या हातात एक देखणा आलेख होता. कॅडमियम घातलेल्या खाद्यावर ठेवलेल्या फळमाश्या (ड्रोसोफिला) काचेच्या नळीत जेमतेम वर चढत होत्या. त्याच खाद्यात पॉलिफेनॉल ही वनस्पतीतली संयुगं भरपूर असलेला एका पानाचा अर्क मिसळला, की बहुतेक माश्या निरोगी माश्यांसारख्या सरसर चढायच्या. जगायच्याही जास्त दिवस. तो आलेख मी गटाच्या बैठकीत मोठ्या उत्साहाने दाखवला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "त्यांनी खाल्लं किती?"

मी मोजलंच नव्हतं.

पुढची दीड वर्षं त्या प्रश्नात गेली. या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी जे काही सांगू शकते, त्यातलं बहुतेक त्या दीड वर्षात शिकलेलं आहे. एमएस्सीचा प्रकल्प म्हणून हा विषय घेणारे, पीएचडीसाठी त्याच्याकडे वळणारे किंवा नुसतं "हळदीतल्या कर्क्युमिनने माश्या वाचल्या" अशी ओळ वाचून कुतूहल वाटलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी एक गंमत. फ्लॅवोनॉइड, टॅनिन, अल्कलॉइड ही मंडळी वनस्पतीने कीटकांच्या भल्यासाठी मुळीच केलेली नाहीत. त्यातली बरीचशी तर कीटकांनी पान खाऊ नये म्हणूनच आहेत: कडू, तुरट, पचनात खोडा घालणारी. काही वनस्पती तर निकेलसारखा धातूच पानांत साठवतात, आणि त्यातून खाणाऱ्या किड्यांपासून बचाव होतो असं मानलं जातं. म्हणजे ज्या रेणूंनी किड्याला हाकलायचं, त्याच रेणूंनी किड्याला धातूपासून वाचवल्याचा दावा आपण करतो. हा विरोधाभास मनात कायम जागा ठेवा. माझ्या देखण्या आलेखाचं उत्तर त्यातच दडलेलं होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धातू नेमकं करतो काय

प्रबंधाच्या प्रस्तावनेत सगळेच लिहितात, "जड धातू ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिडीकरणाचा ताण) निर्माण करतात." वाक्य खोटं नाही, पण त्यावर विसंबून प्रयोग आखलात तर फसाल. प्रत्येक धातूची चाल वेगळी असते.

लोह आणि तांबं पेशीत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडपासून थेट घातक मुक्तकण (फ्री रॅडिकल) तयार करतात. कॅडमियम असं करत नाही, कारण शरीरात त्याची ऑक्सिडीकरण अवस्था बदलतच नाही. ते प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना जाऊन चिकटतं, जस्ताला त्याच्या जागेवरून उठवतं, ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रेणूचा साठा संपवतं. जागेवरून सुटलेलं लोह मग पुढचा गोंधळ घालतं. शिसं कॅल्शियमच्या जागी घुसतं आणि हिमोग्लोबिनचा भाग असलेलं हीम तयार करणाऱ्या साखळीतलं अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड डिहायड्रेटेज हे एन्झाइम बंद पाडतं. पारा गंधक आणि सेलेनियम असलेल्या गटांवर तुटून पडतो. आर्सेनिक काटेकोरपणे बोलायचं तर धातूच नव्हे, उपधातू. पण सगळेच त्याला या पंगतीत बसवतात.

कीटकाकडेही स्वतःची तयारी असते. मेटॅलोथायोनिन ही गंधकयुक्त सिस्टीनने भरलेली छोटी प्रथिनं धातूला धरून ठेवतात. त्यांचा पहिला शोध १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली यांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून लावला, आणि तोही कॅडमियम बांधणारं प्रथिन म्हणूनच. फळमाशीत ही प्रथिनं अनेक आहेत. एमटीएन-ए तांब्याला जास्त जवळचं, तर एमटीएन-बी कॅडमियमला. त्यांची जनुकं चालू करणारा मुकादम म्हणजे एमटीएफ-१. ऑक्सिडीकरणाच्या ताणाविरुद्ध दुसरी फळी उभी असते ती सीएनसी-सी या प्रथिनाची. सस्तन प्राण्यांतल्या एनआरएफ-२चा हा माशीतला भाऊ. एरवी कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला दाबून ठेवतं. कीप-१ची पकड सुटली, की ग्लुटाथायोन ट्रान्स्फरेजसारखी एन्झाइमं वाढतात. वनस्पतीतली बरीच संयुगं थेट मुक्तकण "शोषून" नव्हे, तर ही पकड ढिली करून काम करतात असं मानायला चांगला आधार आहे. शरीरात पोहोचणारं त्यांचं प्रमाण इतकं कमी असतं, की एकेक मुक्तकण टिपत बसणं त्यांना परवडणारंच नाही.

इथे माझी पहिली फजिती सांगते. उंदरांवरचा एक प्रोटोकॉल समोर ठेवून मी माश्यांमध्ये ग्लुटाथायोन रिडक्टेज मोजत बसले. तीन आठवडे. आकडे येत होते, त्यांचा तक्ता होत होता, त्रुटिरेषाही छान लहान होत्या. मग कळलं, फळमाशीत ते एन्झाइमच नाही. तिथे ते काम थायोरिडॉक्सिन रिडक्टेजची व्यवस्था करते, आणि ही गोष्ट २००१ साली प्रसिद्ध झालेली आहे. चाचणीचं तयार किट काय, काहीही ओतलं तरी आकडा देतंच. सस्तन प्राण्यांवरची पद्धत उचलण्याआधी आपल्या कीटकात ते एन्झाइम आहे का, एवढं तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

माशीच का

कारणं साधी आहेत. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंतचा प्रवास सुमारे दहा दिवसांत होतो. जागा कमी लागते आणि पिढ्या भराभर मिळतात. जीनोम २००० सालीच वाचून झालेला आहे आणि माणसाच्या रोगांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांचे नातेवाईक माशीत सापडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एखादं जनुक बंद केलेल्या किंवा चमकणारं प्रथिन जोडलेल्या माश्या ब्लूमिंग्टन किंवा व्हिएन्नाच्या साठा केंद्रांतून मागवता येतात. मधमाशीवर किंवा रेशीमकिड्यावर काम करणाऱ्यांना ही चैन नाही.

रोजच्या कामाबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही. आयुर्मानाचा प्रयोग लावलात तर दर दोन-तीन दिवसांनी माश्या ताज्या खाद्यावर पलटाव्या लागतात, मेलेल्या मोजाव्या लागतात आणि हे दोन-तीन महिने चालतं. रविवार वगैरे त्यात नसतो. कुमारी माद्या हव्या असतील, तर कोषातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या कराव्या लागतात, म्हणजे सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक. वेळापत्रक आखताना तिसऱ्या आठवड्यातली आपली आजारपणं आणि परीक्षा धरूनच ठेवा. एका रात्री आमचा तापमान-कक्ष बंद पडला आणि सकाळपर्यंत ४० व्हायल (माश्या ठेवायच्या छोट्या कुप्या) गेल्या. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

खाद्यातच निम्मा प्रयोग असतो

मका पीठ, साखर, यीस्ट, अगार, बुरशीरोधक म्हणून निपाजिन किंवा प्रोपिओनिक ॲसिड: बहुतेक ठिकाणी खाद्य याच्या आसपासचंच असतं. धातू आणि संयुग त्यात कसं मिसळता, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

क्षाराच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. कॅडमियम क्लोराइड निर्जलही मिळतं आणि अडीच रेणू पाणी असलेलंही. पहिल्याचा रेणुभार सुमारे १८३, दुसऱ्याचा २२८. आमच्या कपाटात दुसरं होतं आणि मी हिशेब पहिल्याचा धरला. माझी प्रत्येक मात्रा ठरवलेल्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाली. चार महिन्यांनी नवी बाटली आली, ती निर्जल निघाली, आणि माश्या अचानक जास्त मरायला लागल्या तेव्हा कुठे शोध लागला. त्या चार महिन्यांत मला वाटत होतं, माझ्या माश्या "प्रतिकारक्षम" आहेत.

शिशाची आणखी एक खोड आहे. यीस्टमध्ये फॉस्फेट भरपूर असतं आणि शिशाचं फॉस्फेट पाण्यात जवळपास विरघळत नाही. तुम्ही खाद्यात जेवढं शिसं घातलंत, तेवढं माशीच्या आतड्यात शोषलं जाण्याजोगं उरलंच, असं धरून चालू नका.

संयुग मिसळायचं ते खाद्य साठ अंशांच्या खाली आल्यावर, पण अगार घट्ट व्हायच्या आत. उकळत्या खाद्यात क्वेर्सेटिन हे फ्लॅवोनॉइड टाकून नंतर "परिणाम दिसला नाही" म्हणणारे मी पाहिलेत. क्वेर्सेटिन, कर्क्युमिन यांसारखी संयुगं पाण्यात विरघळायला नाखूश असतात, म्हणून ती इथेनॉल किंवा डीएमएसओमध्ये विरघळवून घालतात. मग तेच द्रावक, तेवढंच, कंट्रोलच्या (तुलनेसाठी ठेवलेल्या गटाच्या) खाद्यातही गेलं पाहिजे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

मात्रा ठरवताना आधी धातूची एकट्याची चाचणी करा. दोन दिवसांत सगळ्या माश्या मेल्या, तर जगातलं कुठलंच संयुग तिथे काही दाखवू शकणार नाही. कुणीच मेलं नाही, तर वाचवायला कुणी नाही. मधली जागा शोधा. मग संयुगाची एकट्याची चाचणी करा, आणि ती मात्रा दहापट-दहापट वाढवत नेऊन. पॉलिफेनॉल थोड्या प्रमाणात उपकारक आणि जास्त प्रमाणात स्वतःच ऑक्सिडीकारक, हे पुन्हा पुन्हा दिसतं. एकाच मात्रेवर "संरक्षण" दिसलं असेल, तर त्या शोधनिबंधाला मी सध्या बाजूला ठेवते.

अर्क की शुद्ध संयुग, हा वाद कायमचा आहे. नवख्यांना माझा सल्ला शुद्ध संयुगाचा. अर्कात शेकडो रेणू असतात, पुढच्या वर्षी त्याच झाडाची पानं वेगळं काही देतात, आणि झाड दूषित मातीत वाढलेलं असेल तर अर्कातच धातू असतो. यातला शेवटचा मुद्दा मला एका परीक्षकाने शिकवला. त्याचं पत्र कडवट होतं, पण बरोबर होतं. अर्क वापरायचाच असेल, तर वनस्पतीचा नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा, मुख्य घटक एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर मोजा आणि अर्कातला धातूही मोजा.

"वाचवलं" म्हणजे काय

आता मॅडमच्या प्रश्नाकडे. संयुगामुळे माश्या चांगल्या दिसल्या, याची निदान चार वेगवेगळी कारणं असू शकतात.

एक, माश्यांनी खाद्यच कमी खाल्लं. फळमाशीला कडूपणा ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि ती कडू खाद्य टाळते. कमी खाणं म्हणजे कमी धातू. दोन, संयुगाने धातूला व्हायलमध्येच धरून ठेवलं. क्वेर्सेटिनच्या रेणूत धातू पकडायच्या तीन जागा आहेत, आणि टॅनिनचा तर तो धर्मच. तीन, धातू आत गेला, पण शोषला कमी गेला किंवा बाहेर जास्त टाकला गेला. आणि चार, धातू आत तेवढाच गेला, पण माशीच्या पेशींनी तो जास्त चांगला सोसला.

आपण शीर्षकात लिहितो ते चौथं, आणि बहुतेक वेळा प्रयोग करतो तो या चारही गोष्टींत फरक न करू शकणारा. धातू आणि संयुग एकाच खाद्यात मिसळायचं, माश्या सोडायच्या आणि मोजायचं. मीही तेच केलं होतं.

खाणं मोजायला फार काही लागत नाही. खाद्यात निळा खाद्यरंग घाला, माश्यांना ठरावीक वेळ खाऊ द्या, वाटा, गाळा, ६३० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजा. वेळ थोडाच ठेवा, नाहीतर रंग दुसऱ्या टोकाने बाहेर पडायला लागतो आणि मोजलेलं "खाणं" हे खरं तर खाणं वजा विष्ठा होतं. दुसरी पद्धत केशनळीची, २००७ साली आलेली. माशी बारीक नळीतून द्रव पिते आणि पातळी किती उतरली ते तुम्ही वाचता. माशी दिवसाला एक-दोन मायक्रोलिटरच पिते, त्यामुळे बाष्पीभवनासाठी माशी नसलेली नळी शेजारी हवीच. माद्या अंडी घालतात म्हणून नरांपेक्षा जास्त खातात. नर-मादी मिसळून मोजलंत, तर हाती काही लागत नाही.

माझ्या माश्यांनी अर्काचं खाद्य स्पष्टपणे कमी खाल्लं होतं. मोजमाप चार वेळा केलं. पहिल्या वेळी मला रंगावर संशय आला, दुसऱ्या वेळी यंत्रावर, तिसऱ्या वेळी स्वतःवर. चौथ्या वेळी मी बैठकीत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं, आता कामाला सुरुवात करता येईल." त्या दिवशी त्यांचा राग आला होता.

कामाला सुरुवात म्हणजे धातू आणि संयुग वेळेने वेगळं करणं. माश्यांना आधी काही दिवस नुसतं संयुग द्या. मग एक दिवस साधं खाद्य, म्हणजे आतडं रिकामं होईल. मग धातू, संयुगाविना. आता व्हायलमध्ये दोघांची भेटच होत नाही आणि कडूपणाही उरत नाही. तरीही माश्या सावरल्या, तर बोलायला काहीतरी आहे. त्याच्या जोडीला शरीरातला धातू मोजा. अणुशोषण यंत्र किंवा आयसीपी-एमएस. एक माशी जेमतेम एक मिलिग्रॅमची, म्हणून अनेक माश्या एकत्र कराव्या लागतात, आणि मोजण्याआधी त्यांना साध्या खाद्यावर ठेवून आतडं रिकामं करावं लागतं. नाहीतर आतड्यातल्या घासातलाच धातू तुम्ही "शरीरातला" म्हणून मोजता.

एक बारकावा इथे सांगायला हवा. व्हायलमध्ये संयुगाने धातू पकडला, याचा अर्थ तो आतड्यातही पकडूनच राहतो असा नाही. माशीच्या मध्य-आतड्यात एक चांगलाच आम्लधर्मी भाग असतो, ज्यातल्या पेशींना "कॉपर सेल" म्हणतात. अशा आम्लात कित्येक धातू-पॉलिफेनॉल जोड्या सुटतात. म्हणून परीक्षानळीतला रंगबदल दाखवून चिलेशन (संयुगाने धातू पकडून ठेवणं) सिद्ध झालं म्हणू नये.

आणि शेवटी जनुकं. सीएनसी-सी कमी केलेल्या माश्यांमध्ये संरक्षण नाहीसं झालं, तर रस्ता त्यातूनच जातो असं म्हणायला जागा आहे. पण तुलना त्याच जनुकीय पार्श्वभूमीच्या माश्यांशी करा. कपाटातल्या कुठल्याही "साध्या" माश्यांशी तुलना करून काही उपयोग नाही.

आकडे खोटं बोलत नाहीत, रंग बोलतात

बहुतेक जैवरासायनिक चाचण्या रंगावर किंवा चमकेवर चालतात, आणि आपली संयुगं नेमकी रंगीत असतात. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं आणि स्वतःच हिरवट चमकतं. मुक्तकण मोजायला वापरतात तो डीसीएफडीए रंगही त्याच हिरव्या पट्ट्यात वाचतात. मेदाच्या ऑक्सिडीकरणाची चाचणी ५३२ला वाचतात, आणि जांभळ्या-लाल अँथोसायनिनचं आम्लातलं शोषण अगदी शेजारीच असतं. माशीच्या डोळ्यांतलं लाल रंगद्रव्यही ४८०च्या आसपास मध्ये येतं, म्हणून काही चाचण्यांत डोकी काढून टाकतात. उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक चाचणीत अभिकर्मक न घातलेला एक नमुना, आणि कंट्रोल माश्यांच्या वाटणात वरून संयुग घातलेला एक नमुना. दुसऱ्यात आकडा हलला, तर तो रसायनाचा खेळ आहे, जीवाचा नव्हे.

चढण्याची चाचणी दिसायला सोपी, म्हणून सगळे करतात. नळी आपटायची आणि दहा सेकंदांत ठरावीक रेषेपर्यंत किती चढल्या ते मोजायचं. माश्यांना कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलं असेल, तर निदान एक दिवस जाऊ द्या. दररोज एकाच वेळी करा, कारण माश्या पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालतात. आणि व्हायलवरची नावं झाकून दुसऱ्या कुणालातरी मोजायला सांगा. आपण ज्या माश्यांवर आशा ठेवलेली असते, त्यांना आपण नकळत अर्धा सेकंद जास्त देतो. मी व्हिडिओ काढून नंतर मोजायला लागले, तेव्हा माझे जुने आकडे मलाच उदार वाटले.

सांख्यिकीतली एक गोष्ट मात्र आधीच पाठ करा. एका व्हायलमध्ये २० माश्या आणि अशा पाच व्हायल असतील, तर तुमचा नमुना पाचाचा आहे, शंभराचा नाही. एका व्हायलमधल्या माश्या एकच खाद्य, एकच ओलावा आणि एकच बुरशी वाटून घेतात. दुसरं म्हणजे, चार गट लावले जातात: साधं खाद्य, धातू, संयुग, धातू अधिक संयुग. मग लोक दुसऱ्या आणि चौथ्या गटाची तुलना करून मोकळे होतात. पण संयुगाने धातू न दिलेल्या माश्याही तेवढ्याच सुधारल्या असतील तर? मग ते सर्वसाधारण टॉनिक झालं, धातूपासूनचं संरक्षण नव्हे. प्रश्न दोन घटकांच्या परस्परक्रियेचा आहे, आणि द्वि-घटकी विश्लेषणात तीच ओळ सगळ्यात आधी वाचायची.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. कॅडमियम आणि अजैविक आर्सेनिक माणसात कर्करोग घडवणारे म्हणून आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात नोंदलेले आहेत. भुकटी तोलताना धूर-कपाट (फ्यूम हूड) आणि हातमोजे. उरलेलं खाद्य, मेलेल्या माश्या, धुतलेलं पाणी, सगळं धातू-कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात. सिंकमध्ये काहीही नाही.

यातून पुढे काय

"माश्यांना धातू खाऊ घालून करिअर होतं का?" असं मला घरच्यांनीच नव्हे, मुलाखतीतही विचारलंय. थेट या विषयात पदं थोडी असतात. पण यातून येणारी कौशल्यं विषशास्त्रात सगळीकडे चालतात. मात्रा-प्रतिसाद आखणं, आयुर्मानाचं विश्लेषण, अत्यल्प नमुन्यातून धातू मोजणं, आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेत स्वतःचे आकडे स्वतः तपासणं. रसायनांची नोंदणी करणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्यासाठी चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना कीटक सांभाळता येणारी माणसं हवी असतात. मधमाशीवरच्या तीव्र विषबाधेच्या चाचण्यांसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २१३ आणि २१४ ही मार्गदर्शक तत्त्वं १९९८ पासून आहेत, दीर्घकालीन तोंडावाटे चाचणीचं २४५ हे २०१७ मध्ये आलं, आणि गाळातल्या कायरोनोमस या चिलटाच्या अळ्यांसाठी २१८ आणि २१९ आहेत. ती मोफत वाचता येतात. मला वाटतं, चांगला प्रयोग कसा लिहून ठेवायचा हे शोधनिबंधांपेक्षा त्यांतून लवकर समजतं. कंटाळवाणी आहेत, पण कुठलीच गोष्ट वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेली नसते.

मधमाश्यांकडे वळायची इच्छा असेल, तर एक सुंदर धागा आहे. मध आणि परागकणांत असणारं पॅरा-कुमॅरिक ॲसिड मधमाशीची विष निकामी करणारी जनुकं चालू करतं, हे २०१३ साली दाखवलं गेलं. ते काम कीटकनाशकांच्या संदर्भातलं होतं, धातूंच्या नव्हे. पण प्रश्न विचारायची पद्धत शिकण्याजोगी आहे: कीटकाच्या रोजच्या आहारातच असलेलं संयुग, त्याच्या नेहमीच्या प्रमाणात. आपण मात्र अनेकदा कीटकाने कधी चाखलेलंही नसतं असं संयुग, कधीच भेटणार नाही अशा मात्रेत देतो.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजू नका. आधीच्या विद्यार्थ्यांना एकदा विचारा, की प्रयोगाचं उत्तर "नाही" आलं तेव्हा बैठकीत काय झालं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

माझ्या प्रबंधात शेवटी काय उरलं? वेळेने वेगळं केल्यावर अर्काचा परिणाम जवळजवळ पुसला गेला. शुद्ध क्वेर्सेटिनने आधी तयार केलेल्या माश्यांमध्ये थोडं संरक्षण टिकलं, माद्यांमध्ये स्पष्ट आणि नरांमध्ये पुसट. पहिल्या वर्षीच्या आलेखाच्या मानाने फारच किरकोळ. प्रकाशित व्हायला वेळ लागला आणि शीर्षकात "कमी खाणं" हा शब्द घालावा लागला.

तो जुना आलेख मी छापून खणात ठेवलाय. गटात नवीन कुणी आलं, की त्यांच्यापुढे ठेवते आणि विचारते, "यात काय चुकलंय ते ओळख." बहुतेक जण थोड्या वेळाने खाण्यापाशी पोहोचतात, आणि मी मनातल्या मनात चष्मा डोक्यावर सरकवते. गेल्या महिन्यात आलेल्या मुलीने तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ताई, अर्क इथेनॉलमधला होता ना? मग कंट्रोलच्या खाद्यात इथेनॉल घातलं होतं का?"

हा प्रश्न मॅडमनीही विचारला नव्हता. मी कपाटातून पहिल्या वर्षाची वही काढली आणि पानं उलटली. घातलं नव्हतं.